मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा जावे?

मराठी बोलण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला न्या’ असे थट्टेने म्हणण्याची जुनी रीत आहे. उत्तर भारतात हेच काम आग्रा आणि रांची या नावांकडे आहे, आणि दिल्लीकर शाहदऱ्याचे नाव घेतात. या गावांत मनोरुग्णालये आहेत, एवढाच त्यांचा अपराध. ही थट्टा निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्यामागे उंच भिंत, कुलूपबंद खोली आणि कधीच परत न येणारा रुग्ण असे एक चित्र दडलेले असते. घरातील कोणाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे असे कोणी सुचविताच हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि विषय तेथेच थांबतो. ज्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत उपचार मिळू शकले असते, तो मग नोकरी गेल्यावर, संसार विस्कटल्यावर, कधी कधी जीव धोक्यात आल्यावर दवाखान्यात पोहोचतो.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के इतके होते. खेड्यापाड्यांत तज्ज्ञच नाहीत, हे याचे एक मोठे कारण आहे. परंतु दिल्ली, गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद, गुरुग्राम अशा परिसरात, जेथे रुग्णालय बसच्या अंतरावर असते, तेथेही लोक वर्षानुवर्षे थांबतात. मनोविकारतज्ज्ञ नेमके काय करतो आणि त्याच्याकडे केव्हा जायचे, या दोन गोष्टींची माहिती नसणे हे त्याचे कारण होय. प्रस्तुत प्रकरणात याच दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हे विवेचन १८ वर्षांवरील व्यक्तींपुरते मर्यादित आहे. मुलांचे मनोविकार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

भिंतीकडून बाह्यरुग्ण विभागाकडे

मनोरुग्णालयाविषयीचे जुने चित्र सर्वस्वी खोटे नव्हते. १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ या कायद्याचा भर उपचारांपेक्षा बंदोबस्तावर होता. रुग्णाला दाखल करण्यात दंडाधिकाऱ्याचा हात असे, आणि दाखल झालेल्यांपैकी कित्येकांचे आयुष्य तेथेच संपे.

या व्यवस्थेला पहिला धक्का सर्वसाधारण रुग्णालयांनी दिला. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात गिरींद्रशेखर बोस यांनी, आणि १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. के. मसानी यांनी मनोविकारांचा विभाग सुरू केला. खोकला किंवा पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णांच्याच रांगेत उभे राहून मनोविकाराचा रुग्णही डॉक्टरांना भेटू लागला. दुसरे महत्त्वाचे पाऊल अमृतसर येथे पडले. तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक आजार समजून घेत, रुग्णाची देखभाल शिकत आणि त्याला बरोबर घेऊन घरी परतत. कुटुंब हा उपचारांतील अडथळा नसून त्याचा आधार आहे, ही गोष्ट या प्रयोगाने दाखवून दिली.

शाहदऱ्याचे मनोरुग्णालय १९६६ मध्ये स्थापन झाले. पुढे तेथील दुरवस्थेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर १९९३ मध्ये त्याचे रूपांतर ‘इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन बिहेवियर अँड अलाइड सायन्सेस’ या संस्थेत झाले. दिलशाद गार्डन भागातील ही संस्था ‘इहबास’ या नावाने ओळखली जाते. तेथे मनोविकारांबरोबर मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांवरही उपचार होतात. याशिवाय अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, सफदरजंग आणि राममनोहर लोहिया रुग्णालय येथे मनोविकार विभाग आहेत, आणि व्यसनाधीनतेवरील उपचारांसाठी आयुर्विज्ञान संस्थेचेच राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथे आहे. या सर्व ठिकाणी येणाऱ्यांपैकी फार मोठा भाग सकाळी केसपेपर काढतो, डॉक्टरांना भेटतो, औषधे घेतो आणि दुपारी घरी जातो. दाखल करून घेण्याची गरज थोड्यांनाच पडते, आणि तीही बहुधा काही दिवसांपुरती किंवा आठवड्यांपुरती.

तज्ज्ञ कोण?

मनोविकारतज्ज्ञ हा प्रथमतः वैद्यकाचा पदवीधर असतो, एम. बी. बी. एस. झाल्यानंतर त्याने मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते. त्यामुळे तो शरीर तपासू शकतो, रक्ताच्या चाचण्या करवून घेऊ शकतो आणि औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण मानसशास्त्रातील असते. तो मानसशास्त्रीय कसोट्या घेतो व संभाषणाद्वारे उपचार करतो, परंतु औषधे देत नाही. समुपदेशक हा जीवनातील विशिष्ट अडचणीतून वाट काढण्यास साहाय्य करतो. मनोसामाजिक कार्यकर्ता कुटुंब, नोकरी आणि पुनर्वसन यांकडे पाहतो. चांगल्या विभागात हे सर्व एकमेकांच्या सल्ल्याने काम करतात. कोणाकडे जावे हे ठरत नसेल, तर प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे श्रेयस्कर, कारण लक्षणांच्या मुळाशी शारीरिक व्याधी आहे की काय हे तोच पाहू शकतो.

पहिल्या भेटीत काय घडते?

समजा, नागपूरहून बदली होऊन दिल्लीत स्थायिक झालेले ४५ वर्षांचे एक गृहस्थ सरकारी कचेरीत काम करीत आहेत. आठ महिन्यांपासून त्यांना पोटात जळजळ होते, डोके जड राहते, अंगात त्राण नसते. पोटाच्या डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या. दोष काही निघाला नाही. ‘तुम्हांला काहीही झालेले नाही’ हे वाक्य ऐकून ते अधिकच खचले. अखेर त्यांच्या पत्नीने आग्रह धरून त्यांना मनोविकार विभागात आणले.

तेथील डॉक्टर पोटाची तक्रार झटकून टाकीत नाहीत. आपल्या समाजात मनाचे दुःख बहुधा शरीराच्या भाषेत बोलते. दिल्लीचा रुग्ण ‘घबराहट होती है’ म्हणतो, मराठी स्त्री ‘छातीत धडधडतं, हातापायांतलं बळच गेलंय’ असे सांगते. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात’ जाण्याच्या भीतीने खंगत जाणाऱ्या तरुणांच्या लक्षणसमूहाला नाव देऊन वैद्यकीय जगाचे लक्ष त्याकडे वेधले. रुग्णाचे शब्द हे निदानाचे पहिले साधन आहे, हे त्यांच्या कामातून दिसून येते. म्हणून रुग्णाने आपली तक्रार आपल्या शब्दांतच सांगावी. हिंदीत अडखळत असेल, तर मध्ये मराठी वाक्य बोलण्यास संकोच करू नये.

त्यानंतर डॉक्टर विचारतात : झोप केव्हा लागते, जाग केव्हा येते? जेवणाला चव लागते का? वजन घटले का? पूर्वी आवडणारी गोष्ट आता आवडते का? घराण्यात कोणाला असा त्रास होता का? दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या यांचे प्रमाण किती? आपले गृहस्थ सांगतात की, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. फायली साचल्या आहेत. भजन ऐकायला आवडे, आता तो आवाजही नकोसा होतो. शेवटी डॉक्टर शांतपणे विचारतात, ‘जगू नये असे वाटते का? जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ गृहस्थ बराच वेळ गप्प राहतात आणि मग ‘होय’ म्हणतात. आठ महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मनातील ओझे बोलून दाखविण्याची वाट त्यामुळे मोकळी होते.

बोलणे चालू असतानाच डॉक्टर दुसरीही तपासणी करीत असतात. रुग्णाचा पोशाख, बोलण्याचा वेग, चेहऱ्यावरील भाव, विचारांची सुसंगती, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात का, वार-तारखेचे भान आहे का, स्मरणशक्ती कशी आहे, आणि आपल्याला आजार आहे असे त्याला स्वतःला वाटते का, या सर्वांची नोंद होते. कित्येकदा रक्तही तपासले जाते. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले, रक्तक्षय झाला किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी माणूस सुस्त व उदास होऊ शकतो. तसेच डॉक्टर रुग्णाशी काही वेळ एकांतात बोलतात आणि नातेवाइकांचे म्हणणेही ऐकतात, कारण दोन्ही बाजूंना दुसऱ्यासमोर न बोलता येणाऱ्या गोष्टी असतात.

उपचार

या गृहस्थांचा आजार म्हणजे विषण्णता, अर्थात अवसाद. तो मनाचा दुबळेपणा नव्हे, की आळसही नव्हे. त्यावरील औषधांचा गुण बहुधा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. काही दुष्परिणाम मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात. त्यामुळे ‘फायदा नाही, उलट मळमळते’ असे म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या बंद करणाऱ्यांची संख्या मोठी असते. बरे वाटू लागल्यानंतरही औषध सहसा सहा ते नऊ महिने चालू ठेवावे लागते व मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. मनोविकारांवरील सर्वच गोळ्यांची सवय लागते, हा समज खरा नाही. सवय लागण्याचा धोका मुख्यतः झोपेच्या व चिंताशामक गोळ्यांच्या एका वर्गाचा आहे, आणि नेमक्या त्याच गोळ्या लोक ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून सल्ल्यावाचून घेत राहतात.

छिन्नमनस्कता या आजारात रुग्णाला भास होतात, कोणीतरी आपल्याविरुद्ध कट करीत आहे अशी अढळ खात्री वाटते, आणि तो हळूहळू माणसांतून उठतो. अशा आजारांसाठी वेगळी औषधे आहेत. या क्षेत्रात भारताचाही वाटा आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उन्माद व रक्तदाब यांवरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग सुरू झाला आणि असंख्य रुग्णांना रुग्णालयाबाहेर राहणे शक्य झाले. कधी अतिउत्साह तर कधी घोर उदासी असे चक्र असणाऱ्या आजारावर लिथियम उपयोगी पडते. मात्र त्यासाठी ठराविक काळाने रक्त तपासावे लागते.

मंत्रचळ, म्हणजे हात पुन्हा पुन्हा धुणे, कुलूप दहा वेळा ओढून पाहणे यांसारखा आजार, तसेच चिंता व भीती यांच्या विकारांत संभाषणाद्वारे केलेले पद्धतशीर उपचार फार गुणकारी ठरतात. लोकांच्या मनात सर्वांत अधिक धास्ती असते ती ‘शॉक’ची. विद्युत-उपचार आज भूल देऊन व स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच केला जातो. तसे न करता तो देण्यास कायद्याने बंदी आहे. तीव्र विषण्णतेत, विशेषतः रुग्णाने अन्न सोडले असता, तो जीव वाचवू शकतो. बहुसंख्य रुग्णांना त्याची गरज कधीच पडत नाही.

केव्हा जावे?

दुःख, चिंता, राग, संशय हे सर्व निरोगी मनातही असतात. आप्ताच्या मृत्यूनंतर माणूस रडतो, त्याची झोप उडते, जेवणावरचे मन जाते. हा शोक आहे, आजार नव्हे. परीक्षेतील अपयश, बदली, सासू-सुनेतील बेबनाव यांनी येणारी अस्वस्थता जिवलगांशी बोलून, काळाच्या ओघात किंवा समुपदेशकाच्या साहाय्याने निवळते. अशा वेळी चांगला मनोविकारतज्ज्ञ स्वतःच सांगतो की, औषधाची गरज नाही. मग साधे दुःख आणि आजार यांतील सीमा कशी ओळखावी? त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट मुदत. उदासी, निरुत्साह किंवा चिंता जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवड्यांहून अधिक टिकली आहे काय? दुसरी गोष्ट तीव्रता. माणसाला आपले मन वळविता येते, की ते त्याच्या ताब्यातून गेले आहे? तिसरी, आणि व्यवहारात सर्वांत उपयोगी, म्हणजे कामकाज. कचेरी, स्वयंपाक, अभ्यास, आंघोळ, लोकांत मिसळणे यांपैकी जे तो सहज करीत असे, ते आता अडू लागले आहे काय? या तीनही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या दुःखाला कारण असो वा नसो, तज्ज्ञाला भेटावे. ‘त्याला कारण आहे, मग वाईट वाटणारच’ या युक्तिवादाने अनेक आजार झाकले जातात. पाय घसरून पडल्याने हाड मोडले, म्हणून कोणी ते तसेच ठेवीत नाही.

याखेरीज पुढील गोष्टी दिसल्यास मुदतीचा हिशेब न करता लवकर भेट घ्यावी : तरुण मुलगा किंवा मुलगी मित्र सोडून खोलीत कोंडून घेऊ लागणे, एकटेच बोलणे वा हसणे, घरच्यांवर विषप्रयोगाचा संशय घेणे, झोपेची गरजच संपल्यासारखे होऊन उधळपट्टी, बढाया आणि अकारण संताप सुरू होणे, वारंवार छाती धडधडून ‘आता मरतो’ असे वाटणे आणि हृदय मात्र निर्दोष असणे, दारू सकाळपासून लागणे, साठीनंतर ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे. गुरुग्राम-नोएडामध्ये रात्रपाळीची नोकरी करणाऱ्यांची झोप आधीच विस्कळित असते. तरीही सुटीच्या दिवसांतदेखील झोप, भूक आणि उमेद परत येत नसेल, तर सर्व दोष पाळीला देऊन थांबू नये.

काही प्रसंगी मात्र एक दिवसही दवडू नये. मरणाची भाषा करणे, निरवानिरव करणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे अशी चिन्हे दिसताच त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील औषधे, कीटकनाशके आणि इतर घातक वस्तू दूर कराव्यात, तिला स्पष्टपणे विचारावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्त्रीची झोप पूर्ण उडून ती भ्रमिष्टासारखे बोलू लागली, बाळाविषयी विचित्र शंका घेऊ लागली, तर ‘बाहेरची बाधा’ म्हणून वाट पाहणे माता व मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकते. वृद्ध माणूस एका दिवसात बरळू लागला, तर तो बहुधा मेंदूवर झालेला शारीरिक आजाराचा परिणाम असतो. दारू एकाएकी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी कंप, भास आणि बेभानपणा सुरू झाला, तर तोही जिवावरचा प्रसंग आहे. या दोन्ही स्थितींत सर्वसाधारण रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेवर १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

अडथळे आणि अधिकार

दिल्ली परिसरातील अनेक कुटुंबे रुग्णाला प्रथम राजस्थानातील मेहंदीपूरच्या बालाजीला नेतात; महाराष्ट्रात भगत किंवा देवऋषी गाठला जातो. श्रद्धेने मिळणारा दिलासा कोणी हिरावून घेऊ नये. परंतु देवदर्शनासाठी औषध थांबवू नये आणि रुग्णाला बांधून ठेवू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण पळता न आल्यामुळे मृत्युमुखी पडले. त्या घटनेने सारा देश हादरला.

दुसरा अडथळा लौकिकाचा. ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे’, ‘कचेरीत कळले तर?’ ही भीती खरी आहे. पण उपचार न केलेला आजार लपत नाही, तो केवळ उशिरा आणि अधिक वाईट रूपात उघड होतो. छिन्नमनस्कतेसारख्या आजारात उपचारांवाचून गेलेला काळ जितका लांबतो, तितके बरे होणे अवघड होते.

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला अनेक अधिकार दिले आहेत. सरकारी व्यवस्थेतून उपचार मिळण्याचा त्याला हक्क आहे. त्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. भावी उपचारांविषयीची आपली इच्छा तो आगाऊ लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरविणारे जुने कलम राहिलेले नाही. पोलिसांच्या भीतीने रुग्णाला घरातच दडवून ठेवण्याचे आता काही कारण नाही.

पहिल्या भेटीला जाताना आधीच्या तपासण्यांचे कागद, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आणि त्रास केव्हापासून व कसा वाढत गेला याचे एका पानावरचे टिपण बरोबर न्यावे. रुग्णाला रोज पाहणारा एखादा नातेवाईक सोबत असावा. ‘तुला वेड लागले आहे’ असे म्हणून कोणीही दवाखान्यात येत नाही. ‘तुला झोप नाही, तुझी ओढाताण होते आहे, त्यावर उपाय विचारू’ असे म्हटल्यास बहुतेक माणसे येतात. तरीही कोणी ऐकत नसेल, तर नातेवाइकांनी प्रथम स्वतः जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुष्कळ रुग्णांचे उपचार अशाच रीतीने, रुग्ण खोलीत येण्यापूर्वी, सुरू झालेले असतात.